म्हातारा जज्ज आणि शनिवारची रात्र



राजे, सेनापती, संत आणि कवी यांची चरित्रे लिहिली जातात. रेडिओवर बोलणाऱ्या निवेदकाचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही, कारण त्याची सारी कमाई आवाजाची, आणि आवाज हवेत विरून जातो. पण ज्या माणसाच्या आवाजाची वाट पाहत लाखो घरांत आठवड्याचे एक एक दिवस मोजले जात होते, तो जेव्हा ध्वनिक्षेपकापासून उठून घरी जातो, तेव्हा त्या घरांत काय होते, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते गृहस्थ अमेरिकेच्या दक्षिण भागातले. टेनेसी संस्थानच्या नॅशव्हिल शहरी त्यांनी खेड्यापाड्यांतल्या गाण्याबजावण्याचा एक कार्यक्रम १९२५ साली सुरू केला, आणि तो कार्यक्रम शंभरी गाठूनही अद्याप चालू आहे. त्यांचे नाव जॉर्ज हे.

हे आडनाव मराठी वक्त्याला भलतेच अडचणीचे आहे. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या गृहिणी यजमानांचे नाव न घेता ‘हे’ म्हणत. इंग्रजीत त्याच उच्चाराचा अर्थ वाळलेला चारा असा होतो. खेडुतांच्या निवेदकाला हे आडनाव शोभले खरे, पण व्याख्यानात घोटाळा नको म्हणून मी त्यांना ‘जज्ज’च म्हणणार आहे. सारी अमेरिकाही त्यांना तसेच ओळखत होती: ‘गंभीर म्हातारा जज्ज’.

आता गंमत पाहा. हे गृहस्थ जज्ज नव्हते. म्हातारेही नव्हते. जन्म ९ नोव्हेंबर १८९५ चा, इंडियाना संस्थानातला. नॅशव्हिलच्या केंद्रावर ते रुजू झाले ९ नोव्हेंबर १९२५ रोजी. म्हणजे ‘म्हातारा’ त्या दिवशी नेमका तीस वर्षांचा झाला होता! जज्ज ही पदवीसुद्धा वर्तमानपत्री होती. मेंफिसच्या ‘कमर्शियल अपील’ या पत्रात ते बातमीदार असताना शहरच्या कोर्टात जात आणि तिथल्या हकिकतींवर एक विनोदी सदर लिहीत. एका बाजूला गोरा न्यायाधीश, दुसऱ्या बाजूला काळा आरोपी, आणि त्या आरोपीच्या बोलीवर उभारलेला विनोद, असा त्या सदराचा घाट होता. वाचकांना ते आवडे. ही गोष्ट ध्यानात असू द्या, तिचा धागा पुढे लागणार आहे.

बातमीदारीच्या दिवसांतला आणखी एक प्रसंग जज्जनी स्वतः नमूद करून ठेवला आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या एका सैनिकाच्या अंत्यविधीची हकीकत आणण्यासाठी त्यांना ओझार्क डोंगरातल्या मॅमथ स्प्रिंग नावाच्या गावी पाठवले होते. तेथे मुक्काम पडला. गावकऱ्यांनी त्यांना रात्री ओंडक्यांच्या एका घरात नेले. कोपऱ्यात रॉकेलचा दिवा, एक फिडलवाला, जोडीला इतर वाजवणारे, आणि पहाटेपर्यंत नाच. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच, परंतु मैफलीत त्याला व्हायोलिन म्हणतात आणि ओसरीवर फिडल. जज्ज सांगतात की, इतकी मौज लुटणारी माणसे त्यांनी दुसरीकडे पाहिली नव्हती. पुढे त्यांनी जे केले, त्याचे बी ह्या रात्री पडले.

मेंफिसच्या वर्तमानपत्राने १९२३ साली रेडिओ केंद्र काढले आणि बातमीदाराला ध्वनिक्षेपकापुढे बसवले. जज्जनी हातात एक लाकडी भोंगा घेतला. मिसिसिपी नदीवरच्या आगबोटीसारखा तो वाजे, आणि तो वाजला की श्रोत्याने ओळखावे, आता जज्ज येणार. पुढच्याच वर्षी ते शिकागोला गेले. तेथील ‘नॅशनल बार्न डान्स’ या खेडवळ गाण्यांच्या कार्यक्रमात ते बोलू लागले, आणि १९२४ सालीच ‘रेडिओ डायजेस्ट’ नियतकालिकाच्या वाचकांनी त्यांना देशातला सर्वांत लोकप्रिय निवेदक म्हणून कौल दिला.

नॅशव्हिलचे केंद्र एका विमा कंपनीने काढले होते. ‘नॅशनल लाइफ अँड ॲक्सिडेंट’ ही ती कंपनी. तिच्या बोधचिन्हावर ढाल, आणि ‘आम्ही लाखोंचे रक्षण करतो’ असे तिचे ब्रीद. त्या इंग्रजी ब्रीदाची आद्याक्षरे जोडून केंद्राला डब्ल्यू. एस. एम. हे नाव मिळाले. कंपनीचे एजंट कामकऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून आठवड्याच्या हप्त्याने छोट्या छोट्या पॉलिसी विकत. दार उघडण्यासाठी काहीतरी निमित्त हवे असते. ‘शनिवारी रात्री तुम्ही ऐकता ना, त्याच कंपनीचा मी माणूस,’ यापेक्षा सोपे निमित्त कोणते? लोककलेच्या इतिहासात आपण प्रतिभेकडे पाहतो आणि हप्त्याकडे पाहत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले. इंग्लंडात लोकांकडून परवान्याचे पैसे घेऊन रेडिओ चालला. आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र उघडले तेही परवान्याच्या भरवशावर, आणि ती कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली. नॅशव्हिलच्या कंपनीला श्रोत्याकडून रेडिओचे पैसे नको होते, विम्याचे हवे होते. म्हणून तिला श्रोता जसा होता तसाच पसंत होता.

२८ नोव्हेंबर १९२५, शनिवारची रात्र. जिमीकाका टॉम्प्सन नावाचे ७७ वर्षांचे फिडलवाले केंद्रात आले. पुतणी पियानोवर साथीला. जज्जनी काकांना आरामखुर्चीत बसवले आणि वाजवा म्हणाले. तासाभराने त्यांनी विचारले, ‘दमलात का?’ काकांना ह्या प्रश्नाचाच राग आला. आपल्याला हजार चाली येतात असा त्यांचा दावा होता, आणि एका तासात त्यांतल्या कितीशा होणार! श्रोत्यांच्या तारा आणि पत्रे येऊ लागली. दर शनिवारी हेच हवे, असा लोकांनी हट्ट धरला.

शहरातल्या प्रतिष्ठितांना मात्र हे रुचले नाही. नॅशव्हिल स्वतःला ‘दक्षिणेचे अथेन्स’ म्हणवीत असे. तिथल्या बागेत पार्थेनॉनची हुबेहूब प्रतिकृती उभी आहे. अशा नगरीची कीर्ती फिडल आणि बँजोने व्हावी, हे त्या लोकांना अपमानास्पद वाटे. आपण त्यांना हसायला नको. आपल्या आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली होती, आणि पेटी म्हणजे भजनापासून तमाशापर्यंत साऱ्या महाराष्ट्राचा सूर! शिष्टांचे कान सर्व देशांत सारख्याच ठिकाणी दुखतात.

ह्या शिष्टाईला जज्जनी दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे. १९२७ च्या डिसेंबरातली गोष्ट. शनिवारी त्यांच्या आधी राष्ट्रीय जाळ्यावरून वॉल्टर डॅमरॉश या थोर संगीतनायकाचा अभिजात संगीताचा कार्यक्रम होत असे. त्या रात्री डॅमरॉश म्हणाले की, अभिजात संगीतात वास्तवाला जागा नाही, तरी अपवाद म्हणून आगगाडीच्या धावेचे वर्णन करणारी एक रचना ऐकवतो. ती झाली, आणि नॅशव्हिलची पाळी आली. जज्जनी जाहीर केले की, आता पुढचे तीन तास वास्तवाशिवाय दुसरे काही नाही. मग त्यांनी एका माउथ ऑर्गनवाल्याला पुढे केले. त्याने ‘पॅन अमेरिकन’ या डाकगाडीची चाल वाजवली: गाडी लांबून येते, रूळ खडखडतात, शिटी होते आणि गाडी निघून जाते, सारे एका वीतभर बाजातून. ते संपल्यावर जज्ज म्हणाले की, इतका वेळ आपण ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ऐका ‘ग्रँड ओल ऑप्री’. ऑपेराचा हा खेडवळ उच्चार. आपल्याकडे स्टेशनाचे ‘टेसन’ होते तसा. हेच नाव कार्यक्रमाला कायमचे चिकटले.

तो माउथ ऑर्गनवाला म्हणजे डिफर्ड बेली. वय २८ च्या आत, उंची पाच फुटांहून कमी. लहानपणी पोलिओने शरीर खुंटलेले. आजोबा नामांकित फिडलवाले. आणि तो काळा होता.

येथून गोष्ट अवघड होते, आणि मला वाटते, येथूनच ती सांगण्याजोगी होते.

बेलीला केंद्रावर आणले डॉक्टर हंफ्री बेट यांनी. हे विद्यापीठात शिकलेले वैद्य, आणि हौसेने स्वतः माउथ ऑर्गन वाजवीत. जज्ज कांकू करू लागले तेव्हा डॉक्टरांनी आपल्या शब्दाची हमी दिली. बेलीने वाजवले आणि जज्ज हरखून गेले. ‘माउथ ऑर्गनचा जादूगार’ ही पदवी त्यांनीच दिली. १९२८ साली ५२ पैकी ४९ शनिवारी बेली वाजवत होता; एवढ्या वेळा दुसरे कोणीही आले नाही. रेडिओवर रंग दिसत नाही. डोंगरातल्या असंख्य गोऱ्या घरांत त्या आगगाडीवर लोकांनी जीव टाकला आणि ती काढणारे ओठ काळे आहेत हे पुष्कळांना ठाऊकही नव्हते. मात्र मंडळी दौऱ्यावर निघाली की रंग दिसे. बेलीला हॉटेलात खोली मिळत नसे. डेव्हकाका मेकन हे बँजोवाले जुने खटारेवाले. मोटारलॉऱ्या आल्या, खेचरांचा धंदा बसला, आणि पन्नाशीनंतर ते रंगभूमीवर आले. ते बेलीला आपला नोकर म्हणून सांगत आणि त्या बहाण्याने आपल्या खोलीत झोपायला नेत. ज्याच्या नावावर तंबू भरला त्याने नोकर म्हणून आत शिरायचे! कमाईतही वाटा नाही, ठरावीक रोज.

इकडे जज्जचा प्रपंच वाढत होता. १९३२ साली केंद्राने ८७८ फूट उंच मनोरा उभारला आणि शक्ती ५०,००० वॉट केली. मध्यम लहरींचा एक गुण आहे: दिवसा त्या जमिनीला धरून थोड्या अंतरावर विझतात, रात्र झाली की वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. त्यातून ह्या केंद्राच्या लहरीवर रात्री दुसऱ्या कोणालाही बोलायची मुभा नव्हती. त्यामुळे अर्ध्याअधिक अमेरिकेत शनिवारी रात्री हा भोंगा ऐकू येई. वीज न पोचलेल्या खेड्यांत लोक बॅटरी आठवडाभर राखून ठेवीत आणि ज्याच्या घरी संच असेल त्याच्या अंगणात जमत. प्रेक्षकही केंद्रावर येऊ लागले. स्टुडिओ पुरेना, म्हणून नाट्यगृह. तेही पुरेना, म्हणून नदीपलीकडचा एक कीर्तनमंडप. १९३९ साली युद्धस्मारकाचे सभागृह घेतले आणि गर्दी आवरण्यासाठी २५ सेंटांचे तिकीट लावले, तरी गर्दी हटेना. अखेर १९४३ साली राइमन सभागृहात बस्तान बसले.

जज्जचा स्वभाव ह्या साऱ्यांत कसा होता? वाजवणाऱ्यांना त्यांचे एकच सांगणे असे, की पाय जमिनीवर ठेवा. शिंगे, ढोल त्यांना चालत नसत. त्यांच्या सहकारी मिनी पर्ल यांची आठवण फार बोलकी आहे. ही बाई मोठ्या घरची, कॉलेजात नाट्यकला शिकलेली. पण रंगमंचावर भोळ्या खेडवळ बायकोचे सोंग घेई. नोव्हेंबर १९४० मध्ये पहिल्यांदा आत जाताना तिचे पाय कापू लागले. जज्जनी ते पाहिले आणि म्हणाले, मुली, त्यांच्यावर माया कर, म्हणजे तीही तुझ्यावर माया करतील. पुढे पन्नास वर्षे ती बाई लोकांना हसवीत राहिली आणि हा सल्ला सांगत राहिली. निवेदनकलेवरचे पुष्कळ ग्रंथ ह्या एका वाक्यापुढे फिके आहेत, असे माझे मत आहे. आपल्याकडे १९५६ साली पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा मोठा प्रयोग झाला, आणि तो चांगलाच झाला. गावकरी एकत्र बसून ऐकत, चर्चा करीत आणि प्रश्न परत केंद्राला पाठवीत. परंतु खेडुताला शहाणे करण्याची घाई त्यात होती. जज्जनी तो उद्योगच केला नाही. त्यांनी खेडुताला पाहुणा मानले.

पण पाहुणा कसा दिसावा, हे मात्र त्यांनीच ठरवले. डॉक्टर बेट आणि त्यांची मंडळी आधी कोट, टाय घालून फोटोला बसत. जज्जनी त्यांना ‘पॉसम-शिकारी’ असे नाव दिले. शेतकऱ्याचे जाडेभरडे कपडे चढवून मक्याच्या शेतात उभे केले. इतर ताफ्यांनाही अशीच नावे मिळाली. कोणी घड्याळजी, कोणी मोटार-मिस्त्री, कोणी वैद्य, आणि रेडिओवर सारे डोंगरातले अडाणी! श्रोत्याला जे जुने खेडे ऐकू येत होते ते काही अंशी होते आणि काही अंशी एका तीस वर्षांच्या बातमीदाराने रचले होते. ज्याला स्वतःलाच ‘म्हातारा’ करता आले, त्याला इतरांना खेडूत करणे काय जड?

ह्या रचनेत गोऱ्या डॉक्टरला फक्त कपडे बदलावे लागले. बेलीला त्याने मोठी किंमत मोजावी लागली. जानेवारी १९४१ मध्ये गीतकारांच्या संस्थेशी रेडिओ कंपन्यांचे हक्काच्या पैशांवरून भांडण झाले आणि त्या संस्थेकडे नोंदलेल्या चाली वाजवणे बंद झाले. बेलीच्या लोकप्रिय चाली त्यांत सापडल्या. त्याला नव्या चाली बसव म्हणून सांगण्यात आले. त्याचे म्हणणे असे, की इतकी वर्षे तुम्हीच जुने वाजव म्हणत होता; श्रोत्यांना तेच हवे आहे म्हणून नवे वाजवू देत नव्हता. त्या वर्षीच त्याला काढून टाकले. त्याने नॅशव्हिलमध्ये बूट-पॉलिशचे दुकान चालवून पोट भरले, आणि माउथ ऑर्गन दुकानात गिऱ्हाइकांसाठी वाजे.

१९४५ साली जज्जनी ऑप्रीचा छोटेखानी इतिहास छापला. त्यात बेलीचा उल्लेख आहे. कार्यक्रमाचे ‘शुभचिन्ह’ असे त्याला म्हटले आहे; संघाबरोबर नेतात त्या बोकडाला किंवा कुत्र्याला इंग्रजीत जो शब्द लावतात, तोच. पुढे त्याच्या जातीचा उल्लेख करून आळशीपणाचा ठपका ठेवला आहे: डझनभरच चाली येत होत्या, नव्या शिकेना. कौतुक आहे, मायाही आहे असे वाचताना जाणवते, आणि म्हणूनच ते पान अधिक टोचते. मेंफिसच्या कोर्टातल्या सदराचा धागा तो हाच. बेलीच्या कुशीत वाढलेला कार्यक्रम, बेलीच्या गाडीमागून नाव मिळालेला कार्यक्रम, आणि इतिहासात बेली बोकडाच्या पंक्तीला. जिमीकाकांना आपण हजार चाली येतात म्हटले तर कौतुक, बेलीला डझनभर येतात म्हणून काढले. आणि काकांच्या हजार कोणी मोजल्या होत्या?

जज्जची स्वतःची निवृत्ती एका दिवसात झाली नाही. मन हळवे होते. १९३० नंतरच्या दशकात त्यांना मानसिक आजाराने मधूनमधून काम सोडून दूर राहावे लागले. केंद्राचा कारभार हॅरी स्टोन यांच्याकडे गेला. १९३९ पासून कार्यक्रमाचा अर्धा तास एका तंबाखू कंपनीच्या पैशाने देशभर जाऊ लागला, रॉय अकफसारखे गाणारे नट लोकांचे देव झाले, विजेच्या गिटारी आल्या, ढोलही डोकावला. ताफ्यांच्या जागी तारे आले. तासाचे मोल सेकंदांत मोजले जाऊ लागले, त्यात भोंगा वाजवून सावकाश बोलणाऱ्या माणसाची जागा आक्रसत गेली. १९४७ च्या सुमारास त्यांनी नेहमीचे निवेदन सोडले. वय ५२ च्या आसपास. आता कुठे ते ‘म्हातारा’ ह्या नावाला जवळ येत होते.

त्यांची गादी चालवली ग्रँट टर्नर यांनी. हे १९४४ साली केंद्रावर आले ते जज्जच्या हाताखाली, आणि पुढे जवळपास अर्धशतक ऑप्रीचे निवेदन केले. १९९१ च्या ऑक्टोबरात एका शुक्रवारी रात्री काम आटोपून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी वारले. त्यांना निवृत्त व्हावेच लागले नाही. जज्जना मात्र एकवीस वर्षे ऑप्रीपासून दूर काढावी लागली. शनिवारी रात्री इतरांसारखाच रेडिओ ऐकायचा, आणि भोंगा वाजणार नाही हे ठाऊक असायचे. १९६६ साली त्यांचे नाव कंट्री म्युझिकच्या कीर्तिमंदिरात कोरले गेले. ८ मे १९६८ रोजी व्हर्जिनिया बीच येथे त्यांचा अंत झाला.

बेलीला म्हातारपणी एका तरुण संशोधकाने बोलते केले आणि त्याचे चरित्र १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्याने स्पष्ट सांगितले आहे की, आपल्याला योग्य तो पैसा देण्याची वेळ येणार हे त्यांनी ओळखले होते, आणि जुन्या चालींचे निमित्त केले. मिनी पर्लची आठवण खरी, आणि बेलीचीही खरी. एकाच माणसाच्या दोन सहकाऱ्यांनी ठेवलेल्या ह्या दोन आठवणी. एकीने दुसरीला खोडता येत नाही. इतिहासकाराला त्या शेजारी शेजारीच ठेवाव्या लागतात.

मार्च १९७४ मध्ये ऑप्री नव्या प्रशस्त वास्तूत गेली. जाताना राइमनच्या रंगमंचाच्या लाकडातला एक गोल तुकडा कापून नव्या रंगमंचाच्या मध्यभागी बसवला. गाणारा त्यावर उभा राहतो. त्याच वर्षी, १४ डिसेंबरला, बूट-पॉलिशचे दुकान बंद करून बसलेले एक गृहस्थ आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी तेथे आले. खिशातून माउथ ऑर्गन काढला आणि डिफर्ड बेलींनी तो वाजवला. जज्जना जाऊन सहा वर्षे झाली होती. बेली २ जुलै १९८२ रोजी वारले. कीर्तिमंदिरात त्यांचे नाव लागले ते २००५ साली.